२० वर्षं हुलकावणी देणारी शर्यत त्यानं जिंकली, आणि तीनच वर्षांनी त्याच ट्रॅकवर जीव गमावला

१५ फेब्रुवारी १९९८. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातलं डेटोना बीच. गाड्यांची शर्यत नुकतीच संपलेली. जिंकलेली काळी गाडी हळूहळू पिट रोडवरून चाललीये. पिट रोड म्हणजे ट्रॅकच्या बाजूची ती गल्ली, जिथं शर्यत सुरू असताना गाड्या टायर बदलायला आणि पेट्रोल भरायला थांबतात. एरवी शर्यत संपली की हरलेल्या टीमची माणसं तोंड पाडून सामान आवरायला लागतात.

त्या दिवशी मात्र वेगळंच घडलं. एकूण एक टीमचे मेकॅनिक, टायरवाले, पेट्रोलवाले पिट रोडवर येऊन रांगेत उभे राहिले. काळी गाडी जवळ आली की प्रत्येक जण हात पुढं करत होता आणि आतला ड्रायव्हर खिडकीतून हात बाहेर काढून प्रत्येकाला टाळी देत होता.

गंमत म्हणजे या रांगेत उभ्या असलेल्या कित्येक टीमच्या गाड्या याच गड्यानं कधी ना कधी ट्रॅकवर ठोकलेल्या होत्या.

त्याचं नाव डेल अर्नहार्ट. अमेरिकेत सात वेळा चॅम्पियन झालेला, करोडोंची कमाई केलेला, पण डेटोना ५०० नावाची एक शर्यत काही केल्या हाती न लागलेला माणूस. ती शर्यत त्याला विसाव्या प्रयत्नात मिळाली आणि पुढं याच शर्यतीनं त्याचा जीवही घेतला.

पण त्याची गोष्ट कळायची असेल तर आधी हा खेळ काय आहे ते बघावं लागतं.

आपल्याकडं गाड्यांची शर्यत म्हणलं की फॉर्म्युला वन डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत, त्यातही दक्षिणेकडच्या राज्यांत, विषय वेगळा आहे. तिथं चालते स्टॉक कार रेसिंग. स्टॉक म्हणजे कंपनीतून निघते तशी गाडी. दारूबंदीच्या काळात गावठी दारू पोचवणारी पोरं साध्या दिसणाऱ्या गाड्यांचं इंजिन खोलून, त्यात कारागिरी करून पोलिसांना गुंगारा द्यायची. मग कुणाची गाडी जास्त पळते यावरून त्यांच्यातच शर्यती लागायला लागल्या. १९४८ मध्ये बिल फ्रान्स नावाच्या माणसानं या सगळ्या कारभाराला एक संघटना दिली, तिचं नाव नॅस्कार. पुढं गाड्या आतून पार बदलल्या, पण बाहेरून त्या शोरूममधल्या गाडीसारख्या दिसतात. आज शर्यत जिंकलेल्या कंपनीची गाडी उद्या बघणारा विकत घेईल, असा सगळा हिशोब.

बिल फ्रान्सनंच १९५९ मध्ये डेटोनाचा सुपरस्पीडवे उघडला. एक फेरी अडीच मैलांची, म्हणजे साधारण चार किलोमीटर. वळणांवर रस्ता ३१ अंशांत तिरका उचललेला, त्यावर माणसाला धड उभं राहता येत नाही. दहा वर्षांनी त्यानं अलाबामात टॅलाडेगा बांधला, तो त्याहूनही मोठा आणि त्याहूनही तिरका. या ट्रॅकवर ब्रेकला फारसं कामच नसतं. पाय ॲक्सिलरेटरवर दाबायचा आणि तासाला तीनशे किलोमीटरच्या वेगानं चाळीसेक गाड्यांच्या झुंडीत घुसायचं.

या झुंडीत जन्मल्यासारखा वावरणारा माणूस म्हणजे अर्नहार्ट.

२९ एप्रिल १९५१ ला नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या कनापोलिस गावात त्याचा जन्म झाला. कनापोलिस म्हणजे कापडगिरणीचं गाव. टॉवेल आणि चादरी बनवणाऱ्या कॅनन मिलवर सगळं गाव जगायचं. पोरगं मोठं झालं की गिरणीत चिकटणार, हे ठरलेलंच. डेलचं घर गावातल्या ज्या भागात होतं त्या भागाला कार टाऊन म्हणायचे, कारण तिथल्या रस्त्यांना गाड्यांची नावं दिलेली. सेडान रस्ता आणि कोच रस्ता जिथं मिळतात त्या कोपऱ्यावर अर्नहार्टांचं घर.

वडील राल्फ अर्नहार्ट. त्यांनी गिरणीतली नोकरी सोडली आणि मातीच्या ट्रॅकवर गाड्या पळवून घर चालवायचं ठरवलं. त्या काळात हा निव्वळ वेडेपणा होता. शर्यत जिंकली तरच घरात पैसे येणार आणि गाडी मोडली तर दुरुस्तीचा खर्च पदरचा. त्यामुळं राल्फ यांची गाडी चालवायची पद्धत हिशोबी होती. उगाच पहिल्या फेरीपासून गाडी ताणायची नाही, टायर जपायचे, शेवटी शेवटी पुढं यायचं आणि बक्षीस घेऊन घरी जायचं. १९५६ मध्ये ते नॅस्कारच्या स्पोर्ट्समन गटाचे चॅम्पियन झाले. घरामागच्या गॅरेजमध्ये रात्री उशिरापर्यंत काम चालायचं आणि बारका डेल तिथंच घुटमळत असायचा.

साहजिकच पोराचं शाळेत लक्ष लागेना. नववीनंतर त्यानं शाळा सोडून दिली. राल्फ यांना हे अजिबात पटलं नाही. बापलेकांत यावरून बराच काळ धुसफूस होती. आपण वडिलांचं ऐकलं नाही याची खंत डेलला पुढं आयुष्यभर राहिली, चॅम्पियन झाल्यावरसुद्धा.

सतराव्या वर्षी लग्न, अठराव्या वर्षी बाप. ते लग्न टिकलं नाही. दुसरं झालं, त्यातून मुलगी केली आणि मुलगा डेल ज्युनिअर झाले, तेही टिकलं नाही. दिवसा वेल्डिंग करायचं, टायर बसवायचे, मिळेल ते काम करायचं आणि रात्री शर्यतीची गाडी तयार करायची. त्याची पहिली शर्यतीची गाडी होती १९५६ ची फोर्ड. ती रंगवताना रंग मिसळण्यात घोळ झाला आणि गाडी झाली गुलाबी. दुसरा रंग घ्यायला पैसे नव्हते. पुढं काळ्या गाडीमुळं ज्याचा अख्ख्या अमेरिकेत दरारा झाला, तो माणूस सुरुवातीला गुलाबी गाडी घेऊन मातीत फिरत होता.

२६ सप्टेंबर १९७३ ला राल्फ अर्नहार्ट हृदयविकाराच्या झटक्यानं गेले. वय फक्त ४५. डेल तेव्हा २२ वर्षांचा होता. त्यानं खेळ आत्ता कुठं मनावर घेतला होता आणि शिकवणारा माणूसच गेला.

त्यानंतरची पाच वर्षं अक्षरशः ओढाताणीची. बँकेतून ९० दिवसांच्या बोलीवर कर्ज काढायचं, टायर आणि सुटे भाग आणायचे, शर्यत जिंकून कर्ज फेडायचं आणि पुन्हा कर्ज काढायचं. शर्यत हरली की घरातलं गणित कोलमडायचं. १९७५ मध्ये शार्लटच्या वर्ल्ड ६०० शर्यतीत त्याला पहिल्यांदा नॅस्कारच्या सगळ्यात वरच्या गटात, म्हणजे विन्स्टन कपमध्ये, गाडी चालवायला मिळाली. नंबर आला बाविसावा. पुढची तीन वर्षं अशाच मोजक्या संधी, त्याही दुसऱ्याच्या गाडीत.

वडिलांकडून त्यानं एक गोष्ट घेतली नाही, ती म्हणजे शांतपणा. राल्फ गाडी जपायचे, कारण मोडलेली गाडी दुरुस्त करायला पैसे नसायचे. डेलचं म्हणाल तर तो समोरच्याला ढकलून पुढं जायचा. हरणं परवडत नाही ही भीती दोघांनाही होती, पण एकाला तिनं सावध केलं आणि दुसऱ्याला आक्रमक.

१९७९ मध्ये कॅलिफोर्नियाचा व्यावसायिक रॉड ऑस्टरलंड यानं त्याला पूर्ण मोसमासाठी गाडी दिली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ब्रिस्टलला तो जिंकला. मध्येच पोकोनोच्या अपघातात दोन्ही बाजूंची हाडं मोडून चार शर्यती बुडाल्या, तरीही वर्षाचा सर्वोत्तम नवखा ड्रायव्हर तोच ठरला. पुढच्याच वर्षी, १९८० मध्ये, थेट चॅम्पियन. पहिल्या वर्षी नवख्यांत पहिला आणि दुसऱ्या वर्षी सगळ्यांत पहिला, असं त्याआधी कुणालाच जमलं नव्हतं.

आता गाडी रुळावर आली असं वाटत असतानाच ऑस्टरलंडनं टीम विकून टाकली. नव्या मालकाशी अर्नहार्टचं जमलं नाही. मग तो गेला रिचर्ड चिल्ड्रेस यांच्याकडं. चिल्ड्रेस स्वतः ड्रायव्हर होते, फार यशस्वी नव्हते, आणि त्यांनी अर्नहार्टला गाडीत बसवण्यासाठी स्वतःचं ड्रायव्हिंग सोडलं. आपल्या टीमकडं अजून तेवढी ताकद नाही हे ओळखून त्यांनीच त्याला दोन वर्षांसाठी दुसरीकडं जायला सांगितलं. १९८४ मध्ये तो परत आला आणि मग पुढची १७ वर्षं ही जोडी फुटली नाही. गाडीचा नंबर ३.

१९८६ आणि १९८७ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं आली. १९८७ मध्ये तर त्यानं ११ शर्यती मारल्या. त्याच वर्षीच्या शार्लटमधल्या विन्स्टन शर्यतीचा किस्सा आजही सांगितला जातो. बिल एलियटच्या गाडीचा धक्का लागला आणि अर्नहार्टची गाडी ट्रॅक सोडून थेट गवतात गेली. अशा वेळी गाडी गरागरा फिरते आणि विषय संपतो. यानं पाय काढलाच नाही. गवतातूनच गाडी सरळ ठेवून पुन्हा ट्रॅकवर आला, तोही पहिल्याच नंबरवर. लोक याला गवतातलं ओव्हरटेक म्हणतात. वास्तविक त्यात त्यानं ओव्हरटेक कुणालाच केलं नव्हतं, पुढं होता तो पुढंच राहिला. पण दंतकथांना असल्या तपशिलांशी देणंघेणं नसतं.

आरशात त्याची गाडी दिसली की पुढच्या ड्रायव्हरचा हात थरथरायचा, म्हणून त्याचं नाव पडलं ‘द इंटिमिडेटर’, म्हणजे समोरच्याला दमात घेणारा. १९८८ पासून नव्या स्पॉन्सरमुळं गाडीचा रंग काळा झाला आणि नावाला शोभणारं रूपही मिळालं. काळी गाडी, काळा चष्मा, जाड मिशी. प्रेक्षकांतले निम्मे त्याच्यावर जीव ओवाळून टाकायचे आणि निम्मे त्याच्या नावानं शिव्या घालायचे. गिरण्यांत, शेतात, गॅरेजमध्ये राबणाऱ्या माणसांना तो आपला वाटायचा. ज्यांच्या आवडत्या ड्रायव्हरला त्यानं भिंतीत घातलं होतं त्यांना तो गुंड वाटायचा. खरं सांगायचं तर दोघांचंही बरोबर होतं. १९९९ मध्ये ब्रिस्टलला शेवटच्या फेरीत त्यानं टेरी लॅबोंटीला ठोकून शर्यत जिंकली, तेव्हा त्याच्याच विजयावर अख्ख्या स्टेडियमनं हुर्यो केला होता.

पण सुपरस्पीडवेवर नुसत्या दादागिरीनं भागत नाही.

त्याचं कारण १९८७ मध्ये टॅलाडेगाला घडलं. बॉबी ॲलिसनच्या गाडीचा टायर फुटला आणि गाडी हवेत उडून प्रेक्षकांसमोरच्या जाळीवर आदळली. जाळी थोडक्यात टिकली, नाहीतर मोठा अनर्थ झाला असता. तोवर गाड्यांचा वेग ताशी २१० मैलांच्या, म्हणजे ३४० किलोमीटरच्या आसपास गेला होता. नॅस्कारनं मग १९८८ पासून डेटोना आणि टॅलाडेगासाठी एक नियम आणला. इंजिनात जाणाऱ्या हवेच्या वाटेवर चार भोकांची धातूची पट्टी बसवायची. भोकं लहान, त्यामुळं हवा कमी, हवा कमी म्हणून ताकद कमी.

वेग थोडा उतरला, पण एक नवीनच भानगड झाली. सगळ्यांच्या इंजिनाची ताकद जवळपास सारखी झाली आणि कुणालाच एकट्याच्या जोरावर पुढं निघता येईना. चाळीस गाड्या बंपरला बंपर लावून, तीन तीन रांगांत एकत्र धावायला लागल्या. आता पुढं जायचं तर हवेचा खेळ समजायला हवा. ट्रकच्या मागं सायकल लावली की वारा लागत नाही आणि सायकल फुकटात पळते, तसंच हे. पुढच्या गाडीच्या आडोशाला राहायचं, नेमक्या क्षणी बाहेर पडायचं आणि मागून कुणीतरी ढकलणारा सोबत घ्यायचा. सोबत मिळाली नाही तर पहिल्या नंबरवरून विसाव्यावर जायला एक फेरी पुरते. आणि एकाची चूक झाली की वीस गाड्यांचा चुराडा.

या खेळात अर्नहार्टच्या जवळपासही कुणी नव्हतं. त्याला हवा डोळ्यांनी दिसते असं इतर ड्रायव्हर मानायचे. टॅलाडेगाला तो १० वेळा जिंकला, तो विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे. डेटोनाला वेगवेगळ्या गटांतल्या मिळून ३४ शर्यती त्यानं मारल्या.

आणि तरीही डेटोना ५०० त्याला मिळत नव्हती.

डेटोना ५०० म्हणजे मोसमातली पहिली आणि सगळ्यात मानाची शर्यत. २०० फेऱ्या, ५०० मैल. वर्षभरात काहीही जिंका, ही नाही जिंकली तर लोक विचारणारच. अर्नहार्टच्या बाबतीत तर नशिबानं थट्टाच मांडली होती. १९८६ मध्ये जिंकायची संधी समोर असताना शेवटच्या तीन फेऱ्यांत पेट्रोल संपलं. १९९० मध्ये २०० पैकी १५५ फेऱ्या तो पुढं होता. शेवटची फेरी, शेवटून दुसरं वळण, आणि ट्रॅकवर पडलेल्या धातूच्या तुकड्यावरून टायर गेला आणि फाटला. डेरिक कोप नावाचा ड्रायव्हर जिंकला, ज्यानं तोवर या गटातली एकही शर्यत जिंकलेली नव्हती. १९९१ मध्ये अगदी शेवटी टक्कर. १९९३ मध्ये शेवटच्या फेरीत डेल जॅरेट पुढं गेला. १९९५ मध्ये दुसरा. १९९६ मध्ये पुन्हा दुसरा, पुन्हा त्याच जॅरेटच्या मागं.

१९९७ चं तर विचारूच नका. शेवटच्या काही फेऱ्या राहिलेल्या असताना त्याची गाडी उलटून पुन्हा चाकांवर आली. त्याला ॲम्ब्युलन्समध्ये बसवलं. तिथून त्यानं आपल्या गाडीकडं बघितलं तर चारही चाकं जागेवर. पठ्ठ्या ॲम्ब्युलन्समधून उतरला, गाडी चालू होते का ते बघायला लावलं, आत बसला आणि चेपलेली गाडी घेऊन शर्यत पूर्ण केली. नंबर आला एकतिसावा.

या सगळ्या काळात बाकी ठिकाणी मात्र तो जिंकतच होता. १९९०, १९९१, १९९३ आणि १९९४ ला विजेतेपदं आली. सातव्या विजेतेपदानं त्यानं रिचर्ड पेटीची बरोबरी केली. हे १९९४ साल त्याच्यासाठी सोपं नव्हतं. फेब्रुवारीत डेटोनाच्या सरावात त्याचा जिवलग मित्र नील बॉनेट चौथ्या वळणावर अपघातात गेला. दोघं एकत्र शिकारीला आणि मासेमारीला जायचे. ज्या ट्रॅकवर मित्र गेला त्याच ट्रॅकवर अर्नहार्ट नऊ दिवसांनी शर्यतीत उतरला. या धंद्यात शोकाला सवड नसते.

मग १९९८ ची शर्यत आली. अर्नहार्ट ४७ व्या वर्षाकडं निघाला होता, सलग ५९ शर्यतींत एकही विजय नव्हता आणि तो आता संपला अशी कुजबुज सुरू झाली होती. शर्यतीच्या आदल्या दिवशी व्हीलचेअरवर बसलेली एक लहान मुलगी त्याला भेटली. तिनं त्याला शुभशकुनाचं म्हणून एक सेंटचं नाणं दिलं. या दरारा असलेल्या माणसानं गोंद मागवला आणि ते नाणं गाडीच्या डॅशबोर्डवर चिकटवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी तो १०७ फेऱ्या पुढं राहिला. शेवटी मागं अपघात झाला, पिवळा झेंडा पडला आणि बॉबी लॅबोंटी मागं असतानाच अर्नहार्टनं रेषा ओलांडली. पिट रोडवरची ती रांग यासाठी होती. वीस वर्षं प्रत्येकानं त्याला हरताना बघितलं होतं. हस्तांदोलनं झाल्यावर त्यानं गाडी गवतात घातली आणि चाकांनी ३ चा आकडा काढला. लोक नंतर ते उखडलेलं गवत आठवण म्हणून घेऊन गेले. एखादी पिडा मागं लागली की अमेरिकेत पाठीवर माकड बसलंय असं म्हणतात. पत्रकार परिषदेत आल्या आल्या अर्नहार्टनं शर्टातून खेळण्यातलं माकड काढलं आणि फेकून दिलं. साडेसाती संपली होती.

तोवर तो स्वतःही टीमचा मालक झाला होता. तिसरी बायको टेरेसा हिच्यासोबत त्यानं मूर्सव्हिलजवळ वर्कशॉप उभं केलं होतं. ते इतकं भव्य होतं की लोकांनी ताजमहालवरून त्याला गराज महाल असं नाव ठेवलं. स्वतः तो चिल्ड्रेस यांच्याच गाडीत बसायचा, पण त्याच्या टीमच्या गाड्या मुलगा डेल ज्युनिअर आणि इतर चालवायचे. राल्फ यांच्याशी जे बोलायचं राहून गेलं ते मुलासोबत राहू नये, असं त्याचं या वर्षांतलं वागणं बघून वाटतं.

ऑक्टोबर २००० मध्ये टॅलाडेगाला त्यानं जे केलं ते सुपरस्पीडवेच्या इतिहासातलं बहुधा सगळ्यात थक्क करणारं काम आहे. पाच फेऱ्या राहिल्या होत्या आणि तो होता अठराव्या नंबरवर. तिथून झुंडीच्या मधून वाट काढत त्यानं शर्यत जिंकली. कारकिर्दीतला हा ७६ वा विजय. तो शेवटचा ठरणार होता.

याच २००० साली नॅस्कारमध्ये तीन तरुण ड्रायव्हर मेले होते. मे महिन्यात ॲडम पेटी, जुलैत केनी अर्विन आणि ऑक्टोबरमध्ये टोनी रोपर. तिघंही गाडी भिंतीवर आदळून. गाडी अचानक थांबते, पट्ट्यांनी बांधलेलं शरीर जागेवर राहतं, पण डोकं हेल्मेटसकट पुढं फेकलं जातं. त्या झटक्यानं कवटीचं तळाचं हाड तुटतं आणि माणूस जागीच जातो. यावर उपाय होता, तोही वीस वर्षांपासून. मिशिगन राज्य विद्यापीठातले प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड आणि त्यांचे मेहुणे, स्वतः ड्रायव्हर असलेले जिम डाउनिंग यांनी हान्स नावाचं उपकरण बनवलं होतं. खांद्यावर बसणारी एक कडक कॉलर आणि तिला हेल्मेटशी जोडणारे पट्टे. डोकं पुढं जातं तेव्हा हे पट्टे त्याला धरून ठेवतात.

अर्नहार्टला ते उपकरण म्हणजे गळ्यातला फास वाटायचा. तो तोंड उघडं राहणारं जुनं हेल्मेटच वापरायचा. त्याचा शब्द ड्रायव्हरांमध्ये चालायचा आणि तो वापरत नाही म्हणल्यावर इतरांनाही गरज वाटली नाही. नॅस्कारनंही सक्ती केली नाही.

१८ फेब्रुवारी २००१. पुन्हा डेटोना ५००. टीव्हीच्या नव्या मोठ्या करारानंतरची ही पहिली शर्यत, फॉक्स वाहिनीवर लाखो लोक बघत होते. शेवटच्या फेऱ्यांत चित्र असं होतं: पहिला मायकल वॉलट्रिप, दुसरा डेल ज्युनिअर, तिसरा अर्नहार्ट. पुढच्या दोन्ही गाड्या त्याच्या स्वतःच्या टीमच्या. वॉलट्रिपनं तोवर ४६२ शर्यतींत भाग घेतला होता आणि एकही जिंकली नव्हती. अशा माणसाला अर्नहार्टनं हट्टानं आपल्या टीममध्ये घेतलं होतं.

जन्मभर जो पुढच्याला ढकलून जिंकत आला, तो त्या दिवशी तिसऱ्या नंबरवर राहून मागच्यांना अडवत होता. डावीकडून कुणी आलं की डावीकडं, उजवीकडून आलं की उजवीकडं.

शेवटच्या फेरीच्या शेवटच्या वळणावर मागून येणाऱ्या स्टर्लिंग मार्लिनच्या गाडीचा त्याच्या गाडीला स्पर्श झाला. काळी गाडी आधी खाली गेली, मग तिरकी होऊन वर चढली आणि केन श्रेडरच्या गाडीला घेऊन भिंतीवर आदळली. वेग ताशी साधारण २५० किलोमीटर. टीव्हीवर बघताना फार काही वाटलं नाही. गाडी उलटली नाही, पेटली नाही. याहून भयंकर अपघातांतून तो चालत बाहेर आला होता. दोन्ही गाड्या घसरत खाली गवतात येऊन थांबल्या. श्रेडर उतरून त्याच्या खिडकीशी गेला, आत बघितलं आणि हातवारे करून मदतीला बोलवायला लागला.

तिकडं वॉलट्रिपनं रेषा ओलांडली होती. आयुष्यातला पहिला विजय, तोही डेटोना ५००. तो आनंद साजरा करत मित्राची वाट बघत उभा होता. काय झालं ते सांगायला शेवटी श्रेडरच तिथं आला. ज्युनिअर गाडी सोडून वडिलांकडं धावला होता. हॅलिफॅक्स हॉस्पिटलमध्ये संध्याकाळी ५ वाजून १६ मिनिटांनी डेल अर्नहार्टला मृत घोषित करण्यात आलं. वय ४९. कारण तेच, कवटीचं तळाचं हाड.

रागानं पेटलेल्या काही चाहत्यांनी मार्लिनला जिवे मारण्याच्या धमक्या दिल्या. ज्युनिअरनं स्वतः पुढं येऊन मार्लिनचा काही दोष नाही हे लोकांना सांगितलं. शवविच्छेदनाचे फोटो वर्तमानपत्रांना मिळू नयेत म्हणून टेरेसा कोर्टात गेली आणि फ्लोरिडानं असे फोटो गोपनीय ठेवणारा कायदाच केला.

चिल्ड्रेस यांनी गाडी पांढरी रंगवली, नंबर २९ केला आणि केविन हार्विक नावाच्या २५ वर्षांच्या पोराला आत बसवलं. तीनच आठवड्यांनी अटलांटाला हार्विक ०.००६ सेकंदाच्या फरकानं जिंकला आणि खिडकीतून तीन बोटं बाहेर काढून फेरी मारली. त्या वर्षभर प्रत्येक शर्यतीच्या तिसऱ्या फेरीला स्टेडियममधले लोक उभं राहून तीन बोटं वर करायचे. जुलैत डेटोनाला पुन्हा शर्यत झाली तेव्हा ज्युनिअर जिंकला. २००४ मध्ये त्यानं डेटोना ५०० मारली, ती १५ फेब्रुवारीला, वडिलांच्या विजयाला बरोबर सहा वर्षं झाली त्या दिवशी. वडिलांना वीस प्रयत्न लागले होते, त्याला पाच.

ऑक्टोबर २००१ मध्ये नॅस्कारनं डोकं आणि मान धरून ठेवणारं उपकरण सगळ्यांना सक्तीचं केलं. गाड्यांमध्ये विमानासारखे ब्लॅक बॉक्स बसवले. नेब्रास्का विद्यापीठातल्या डीन सिकिंग यांच्या टीमनं काँक्रीटच्या भिंतीपुढं बसवायची स्टीलच्या नळ्यांची आणि फोमची भिंत तयार केली, ती धक्का स्वतः पिते. २००२ मध्ये ती इंडियानापोलिसला बसली आणि मग एकेक करत सगळीकडं. सीट बदलल्या, गाडीचा सांगाडा बदलला. अर्नहार्टनंतर कप मालिकेच्या शर्यतीत एकही ड्रायव्हर दगावलेला नाही.

२०२० च्या डेटोना ५०० मध्ये शेवटच्या फेरीत, विजयरेषा समोर दिसत असताना, रायन न्यूमनची गाडी भिंतीवर आदळून उलटली आणि दुसरी गाडी थेट तिच्या दरवाजाच्या बाजूवर येऊन धडकली. बघणाऱ्यांना २००१ आठवलं. त्यालाही त्याच हॅलिफॅक्स हॉस्पिटलमध्ये नेलं. दोन दिवसांनी न्यूमन दोन्ही मुलींचे हात धरून हॉस्पिटलमधून चालत बाहेर आला.